दोन ठिपके

जुनं मशीन एका झटक्यात गेलं,
गंगाखेड नाक्यावरची डीपी उडाली त्या दुपारी.
बॅकअप होता. लाल हार्ड डिस्क,
माझ्या डब्याच्या पिशवीतून रोज घरी जाणारी.

जुन्यात लिनक्स होतं, फुकटचं,
मुंजाजीनं पॉलिटेक्निक सुटल्या सुटल्या घालून दिलेलं.
नव्यात विंडोज. मालक म्हणाले,
"डबा बदलला, भाकर तीच. काढून ठेव तिकडची इकडं."

बसले रात्री आठला.
आधी तर डिस्कच ओळखेना,
मुंजाजीनं पुण्याहून फोनवर कायतरी बसवायला लावलं.
मग लग्नपत्रिका आल्या भराभर,
बारशी, वास्तुशांती, रसवंतीचं दरपत्रक,
पडलेल्या उमेदवारांची आगाऊ अभिनंदनं.
जुन्यात दोन जवळेकर होते,
एक मोठ्या अक्षराचा, एक लहान.
इथं एकानं दुसऱ्याला गिळलं.

बारा वाजता आकडा आला.
दोनशे अठ्ठ्याहत्तर फायली घेता येत नाहीत,
नावात न चालणारं काहीतरी आहे.

यादी उघडली.
दु:खद निधन टाकळकर
दु:खद निधन भुमरे
दु:खद निधन कचरू आप्पा पैलवान
खालपर्यंत तेच.

नऊ वर्षं मला विसर्गाचं बटण सापडलं नव्हतं.
घरचे लोक पुढ्यात उभे, डोळे सुजलेले,
मी आपली इंग्रजीतले दोन ठिपके ठोकून द्यायचे.
कागदावर कुणाला कळतंय.
विसर्ग म्हणजे येलदरीतून सोडतात तो,
आमच्याकडं एवढाच माहीत.

जुन्या मशीननं कधी हटकलं नाही.
नव्याला ते ठिपके स्वतःच्या ड्राइव्हला लागतात,
दुसऱ्या कुणाला देत नाही.

मुंजाजी म्हणाला, एक ओळ पाठवतो, सगळी नावं एकदम बदलतील.
म्हणलं, राहू दे.
नुसते ठिपके काढले तर दुखद होतं,
गुडघा दुखतो तसलं, बाम लावून जाणारं.
विसर्ग त्याच रात्री सापडला,
शून्याच्या शेजारी, शिफ्ट धरून.
एकेक नाव हातानं केलं.

आले सगळे. तारीख बघते तर आजची.
आप्पा, भुमरेबाई, तो ट्रॅक्टरखालचा पोरगा,
दोनशे अठ्ठ्याहत्तर माणसं
एक ते पावणेचारच्या दरम्यान गेलेली.

सकाळी शटर अर्धंच वर होतं,
टाकळकरांचा धाकटा वाकून आत आला.
"मायला जाऊन वर्ष झालं.
फोटो तोच ठेवा, मजकूर तोच,
वर फक्त प्रथम पुण्यस्मरण करा."

फाइल उघडली. खालच्या ओळीत
'कुटुंबाच्या दु:खात', माझेच दोन ठिपके.
आत चालतात. नावातच चालत नाहीत.

"नीट करू का हे?"
"काय?"
काही नाही म्हणलं, बसा.
चहा सांगते.