साचा

पलासियाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला,
दाढा झिजल्यात. झोपेत दात खाता तुम्ही.
कुणावर, ते त्यानं विचारलं नाही.
अठराशे रुपयांचा साचा दिला,
निजताना घालायचा.

आजी म्हणे गिरणीच्या फाटकात उभी राहून
शिव्या मोजायची मुकादमाला,
आणि रात्री गाढ झोपायची.
आई भांड्यांना स्नेहनगरला जायची.
तिचा कप बाहेर, खिडकीच्या गजाला.
परदेशीपुऱ्यात परतली की पोळ्या लाटायची,
मोजत.
राग आला तर मोज, मला सांगायची,
मोजलं की उतरतो.
तिची बत्तिशी पन्नाशीतच गेली.

स्टाफरूममध्ये नवी बाई लाडात विचारते,
पवार? म्हणजे देवासचे?
नाही हो, महूचे.
एवढंच.
शेवेच्या डब्याचं झाकण हलकेच लागतं.
मी फरश्या मोजते. चौदा, पंधरा.
पवार बाई किती शांत, सगळे म्हणतात,
आवाज म्हणून चढत नाही.

काल रात्री आम्रपाली
मैत्रिणीच्या वाढदिवसाहून लवकरच परतली.
दार असं आपटलं
की भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.
काय झालं, सांगेना.
मी साचा घालून पडले होते.
मोज, असं अगदी ओठांवर आलं होतं,
तेवढ्यात तिनं पुन्हा आपटलं.

समोरचे सोलंकी आले,
बहनजी, कुछ गिरा क्या?
तोंडात साचा, शब्द फुटेना.
काढला, पदराला पुसला.
राग आलाय, म्हटलं. मराठीतच.
आणि दारातून बाजूला झाले,
तिला नीट आपटता यावं म्हणून.