थोडं खाली

सान हुआनमध्ये जूनअखेर
सहाराची धूळ समुद्र ओलांडून येते.
आकाश पातळ पिठल्यासारखं.
मिग्दालिया चाळणीतून पिवळी पूड
माशीवर पाडते आणि घड्याळ लावते.

आधी डोळे.
पुढचे दोन पाय वरून खाली, दाढी केल्यासारखे.
मग मिशा, मग पोट, मग पंख;
पाठीची पाळी शेवटी, कधी कधी ती राहूनच जाते.
अंगावरचा केस न् केस एकदम ओरडत असतो,
केसागणिक मुळाशी एक चेतापेशी,
पण डोळ्यांचं ऐकून होईस्तोवर
बाकीच्यांनी गप्प बसायचं.

दुसऱ्या डबीतली माशी स्वच्छ आहे.
मिग्दालिया लाल दिवा लावते:
मिशीच्या मुळाशी पेशी जागी होते
आणि माशी पुसू लागते
नसलेली धूळ.
दिवा बंद.
माशी आणखी दोनदा पुसते.
वहीत नोंद: "तरी दोनदा."

घरी वीज गेलेली.
एलिसेओ, तिचा बाप, चाळीस वर्षं लोकांच्या
हनुवट्या गुळगुळीत केलेला न्हावी.
फेब्रुवारीत साखरेनं त्याचा पाय नेला.
"टाच खाजतेय," म्हणतो. "डावी."
डावीच तर नाही.

पूर्वी ती समजावत बसायची.
आज आधी डोळे धुते,
मग पलंगाशी बसून
चादरीच्या सपाट भागावर नखं फिरवते,
सावकाश, जणू तिथे कातडी आहे.

तो डोळे मिटतो.
"थोडं खाली," म्हणतो.