वजनकाटा

सरावाआधी एकदा, सरावानंतर एकदा,
चड्डीवर, अनवाणी, सगळ्यांना काट्यावर उभं करतो मी.
ऑगस्टातल्या सोहारमध्ये नव्वद मिनिटांत
माणूस दोन-अडीच किलो हरवतो.
तेवढं पाणी परत आत गेलं का, हे बघणं माझं काम.
टीव्हीवर दिसतो तो बॅग घेऊन धावणारा टकला,
ज्याला हजार लोक ओरडतात, लवकर!

लघवीच्या बाटल्याही ओळीने ठेवलेल्या:
एक फिकट, एक उसाच्या रसासारखी,
आणि कोऱ्या चहासारखी असेल
तर तो आज घरी.
मिरजेहून आई विचारते, तिथे नेमकं करतोस काय रे?
सांगतो, रंग बघतो.
तिला वाटतं, चित्रकलेची हौस जपतोय.

मरहून उजवा बॅक होता. बावीस वर्षांचा.
अडुसष्ट किलो चारशे, रोज तेवढाच.
काट्याबद्दल शंका आली
की आधी त्याला उभा करायचो.
त्याच्या गुडघ्यातली गादी फाटली, आतल्या बाजूची.
फिल्म खिडकीला धरून मी म्हणालो, सहा आठवडे.
कोच शुक्री म्हणाला, गुरुवारी फायनल आहे.
दोघंही खरंच बोलत होतो.

खलफानसाहेबांनी खजूर पुढे केले, कहवा ओतला.
इथे रिकामा पेला हलवेपर्यंत ओततच राहतात,
हे तेव्हा मला माहीत होतं, तरी हलवला नाही.
म्हणाले, डॉक्टर, तुमच्या शब्दाला क्लबमध्ये वजन आहे.
म्हणूनच तो जपून वापरा.

आणि मरहून म्हणाला, दक्तूर, एकच सुई.
माझा करार मेमध्ये संपतो.
मी अर्धा तास समजावलं:
दुखणं म्हणजे पहारेकरी, त्याला मी झोपवीन,
पण चोर जागाच राहील.
तो हसला. त्याला दृष्टांत आवडला.

सुई दिली गेली.
सुई द्यावी लागली.
सुई त्यानेच मागितली.
मराठीत कर्त्याला लपायला जागा पुष्कळ.
दिली. मी.

एकाहत्तराव्या मिनिटाला तो वळला,
गुडघा वळला नाही.
मी धावलो. लवकर, लवकर, ओरडले लोक.
वेळेत पोचलो होतो मी.
उशीर बुधवारीच झाला होता.
त्याने माझा दंड धरला आणि विचारलं,
बॉल बाहेर गेला ना?
गेला, म्हणालो. गेला नव्हता.

दोन वर्षांनी मासळीबाजारात, पहाटे साडेपाचला,
पिकअपच्या मागच्या फळीवरून कुणीतरी उतरलं,
आधी डावा पाय, मग उजवा, जरा विचार करून.
चेहरा बघायच्या आत मी निदान केलं होतं.
दक्तूर, तो म्हणाला, डोळे वर.

आम्ही जिला सुरमई म्हणतो, तिला हे कनद म्हणतात.
त्याने एक निवडली, कल्ले उघडून लाल दाखवले,
काट्यावर ठेवली
आणि दोन्ही हात वर केले, पंचाला दाखवतात तसे:
बघ, माझं वजन नाही यात.
पैसे पूर्ण घेतले. शंभर बैसाही सोडले नाहीत.
बरं वाटलं मला.
फुकट दिली असती तर घशाखाली उतरली नसती.
गुडघ्याचं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही;
बर्फ मात्र जास्तीचा घातला पिशवीत,
सवयीने म्हणाला, वीस मिनिटं, कापडात गुंडाळून.
माझीच वाक्यं.

काल एकोणीस वर्षांचा नवा पोरगा आला,
मांडीचा मागचा स्नायू, शनिवारी मॅच.
दक्तूर, एकच.
खलफानसाहेबांनी कहवा ओतला.
एका घोटातच मी पेला हलवला, डावीकडे, उजवीकडे.
ते बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले,
मग हिशेबाची वही बघावी तसे माझ्याकडे.

माझाही करार मेमध्येच संपतो.