खळ्यातली रेघ

ड्रोनला नावं वाचता येत नाहीत,
चुना वाचता येतो.
म्हणून उडायच्या आदल्या दिवशी दिवाळे गावात
आम्ही घराघराभोवती पांढरी पावडर सोडत फिरलो:
मी, शिपाई बोरकुटे,
आणि एक गोणी, जिच्या तळाला भोक होतं.
त्यामुळे जेट्टीपासून देवळापर्यंत
कुणाच्याच मालकीची नसलेली एक वाकडी हद्द
आपोआप आखली गेली.

बत्तीस वर्षं मी साखळी ओढली.
नकाशा घडीवर फाटायचा, मागून ताव चिकटवायचा,
घडीत सापडली ती घरं
सरकारदरबारी कायमची दुमडली.
आता रोव्हर आहे. काठीच्या टोकाला पांढरी ताटली,
पंधरा उपग्रहांना एकदम विचारते
आणि म्हणते, दोन बोटं उत्तरेला सरक.
सरकलो. तिथे धुण्याचा दगड होता.
उलटा केला, तर खाली बाणाची खूण:
हद्दीचा दगड,
तीन पिढ्यांचे कपडे आपटून गुळगुळीत झालेला.
घरमालकीण म्हणाली, झालं असंल बघून तर परत ठेवा,
बादली भरून ठेवलीय.

मग गोमीबाय आणि चांगुणाबाय. दोघी जावा.
दोन दारं, मधे एक खळं,
खळ्यावर जवळा पसरलेला, गुलाबी, कुरकुरीत,
कावळ्यांवर डोळा ठेवून बसलेल्या दोघी.
मी नेहमीचं बोललो: मिळकत पत्रिका मिळेल,
बँक दारात उभी करेल,
उद्या कुणी विचारलं तर कागद दाखवायचा.
गोमीबाय म्हणाली, "कागुद पायजेलच.
पन्नास वर्सं नुसती घरपट्टीची पावती हाय आमच्याकडं."
मी गोणी उचलली.
चांगुणाबाय उठली नाही.
"रेघ मधून नको मारू, बालू.
चुना लागला का जवला वाया.
आनि त्याला कसा कलनार
तो हिचा का माझा?"

अर्जात एक रकाना असतो: सामाईक.
हा शब्द मी आजवर
भांडणाच्या फायलींतच वाचला होता,
लाल दोरीत बांधलेला, वकिलांच्या शिक्क्याखाली.
त्या दुपारी पहिल्यांदा
तो उन्हात पसरलेला पाहिला, वासासकट.
बोरकुटेनं नाक दाबून
दोन्ही घरांना आणि खळ्याला मिळून
एकच वेढा घातला.
दोघींनी अंगठे दिले नाहीत,
सह्या केल्या. गोमीबायची सही सुंदर आहे.

सकाळी ड्रोन उडाला.
पडद्यावर छपरं, निळी ताडपत्री, वर पाहणारी पोरं,
पांढऱ्या चौकटीत एक अख्खा गुलाबी ठिपका,
आणि जेट्टीपासून देवळापर्यंत
ती वाकडी रेघ, स्पष्ट, दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक.

चार दिवसांनी तालुक्याहून फोन.
ही लांबट मिळकत कुणाची?
म्हटलं, साहेब, गोणीला भोक होतं.
पलीकडे बराच वेळ कळफलकाचा आवाज.
मग म्हणाले,
नाव सांगा, रकाना रिकामा सोडता येत नाही.