शिसं

लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मी पहाटे चारला वाचते.
गिरणीच्या ओट्यावर, पट्टा थंड असतो तेव्हा.
शास्त्राच्या पानांना कडेकडेनं पीठ लागलेलं,
स्तोत्रांना ज्वारीचं, पत्रांना गव्हाचं.
नीतिसूत्रांपाशी मात्र पानं कोरी.
तिथून मी नेहमी भरभर गेलेय.

आज नेमकं तिथलंच आलं.
तागडी खोटी असली की देवाला मळमळतं,
असं काहीतरी. दीड ओळ.
मी चष्मा पुसला.
ओळ तीच राहिली.

समोर फळीवर पाच किलोचं वजन.
बुडाला भोक, भोकात शिसं, शिशावर सरकारी शिक्का.
थोरलीला मिरजेला नर्सिंगला धाडलं त्या साली
ह्यांनी एका रात्री छिन्नी घेतली,
शिक्क्याच्या कडेनं शिसं उकरलं, मेण भरलं,
वर चुलीची काजळी फासली.
शब्द पावलांना दिवा असतो म्हणतात.
त्या रात्री दिवा मी धरला होता.

डब्यामागं चिमूटभर. त्याच्यावर किती?
अकरा वर्षांचे डबे.
हिशोब येतो मला. केला नाही.

शांतवन शेजवळ, मंडळीचे पंच.
दफनाला निम्मा मोंढा आला होता.
कुंडलिकेच्या पुलापर्यंत माणसं.
पाळकसाहेब म्हणाले, सरळ माणूस.
मी मान हलवली.
आतल्या आत ती अजून हलतेय.

मग प्रार्थना केली. म्हणजे पळवाट मागितली.
धाकटा म्हणतोच, इलेक्ट्रॉनिक काटा घे, आई,
हे भंगारात टाक, मिटलं.
भंगारवालाही तोलूनच घेईल,
किलोला तीस रुपये,
आणि माझं पाप तिथंही
थोडं कमीच भरेल.

बाहेर उजाडलं. मिशनच्या दवाखान्यात पाळी बदलली,
सायकली गेल्या.
जैबुनबी आली बाजरीचा डबा घेऊन,
नेहमीसारखी पहिली.
रविवारची वाट बघावी, आधी पाळकांना सांगावं,
असं मनात आलं, आणि तोंड तोवर उघडलं होतं.
म्हणाले, जैबुन, हे वजन खोटं आहे.

तिनं डबा खाली ठेवला.
पदरानं मान पुसली.
"माहीत व्हतं की," म्हणाली.
"बचत गटाचा काटा हाय घरी."
मग येत गेलीस कामून?
"तुझं पीठ मऊ येतं."
आणि थोडं थांबून,
"तुझा माणूस गेला तव्हा वाटलं, आता बदलंल.
चार सालं झाली, बाई.
त्यो तर मातीत हाय.
वजन टाकीत कोण व्हतं?"

मी ह्यांचं पाप कबूल करायला बसले होते.
माझं तिनं काढलं, तेही हळू आवाजात,
शेजारणीला मीठ मागावं तसं.

फळीवरून ते वजन उतरवलं.
हातात जडच लागलं, इतकं पोखरूनही.
मोटारीच्या मागं, उंदराच्या पिंजऱ्याशेजारी ठेवून दिलं.
बाजरी न तोलताच दळली.
पैसे नको म्हटलं तर ती रागावली,
"मला भिकारीण करतीस काय?"
मोजून ठेवून गेली, नेहमीएवढेच.

क्षमा फुकट मिळते, हे मी लहानपणापासून ऐकलं,
मंडळीत शिकवलंसुद्धा, मुलांच्या वर्गाला, चित्रं दाखवून.
जैबुननं ती दिली की नाही, मला कळलं नाही.
डबा डोक्यावर घेताना एवढंच म्हणाली,
"उद्या गहू आणते."

पानावर आता बोट उमटलंय. बाजरीचं, करडं.
दारात रांगेला आणखी सहा डबे.
ओळीतली पहिली बाई विचारतेय,
वजन कुठं गेलं?