सोळाचा आवाज

दोर्दोय बाजारात माझं दुकान म्हणजे
जहाजावरून उतरलेला एक कंटेनर.
हिवाळ्यात पत्रा असा गारठतो
की सोल्डरिंगच्या टोकाजवळ आधी बोटं शेकायची,
मग तारा.

तोक्तोसुन आला तेव्हा मिशीवर बर्फ होता.
मुठीत पेनड्राइव्ह, लोकरीच्या दोऱ्यात ओवलेला.
"गाडी वाचत नाही," म्हणाला,
जसं पोर नापास झालंय आणि मास्तरीण मी.

गाडी जपानहून आलेली. स्टिअरिंग उजवीकडे,
आमच्या रस्त्याला उलटं.
प्लेअरही तिकडचाच, शिस्तीचा.
एमपीथ्री घेतो, डब्ल्यूएमए घेतो,
बत्तीसच्या खाली नाही, तीनशेवीसच्या वर नाही,
आणि किर्गीझ अक्षरं आली की
पडद्यावर रिकामे चौकोन मांडतो,
खिडक्या बसवायच्या राहिलेल्या घरासारखे.

फाइली निघाल्या ओपसच्या. दोनशे अकरा.
गाणं एकही नाही.
परक्याचं ऐकू नये, पण तपासायचं कसं?
एक लावली.
"मेंढीच्या व्यवहारात परत फसलास ना?
नळाचं वायसर बदल. मोठ्याला चष्मा लागलाय का बघ,
तो वही नाकाला लावून लिहितो."
मागे कुठेतरी पंखे, ट्रे आपटल्याचे आवाज.
साल्किन, त्याची बायको,
नोवोसिबिर्स्कला, मासे गोठवायच्या कारखान्यात.

तो बाहेर बघत होता. कान लाल, थंडीनं असतील.
"तो-आशूच्या बोगद्यापलीकडे फोन चालत नाही," म्हणाला,
"सुसामिरच्या पठारावर तर काहीच नाही.
प्रवासी झोपतात. मग मला कुणीतरी रागवायला लागतं."

आणि म्हणाला, "बिटरेट सगळ्यात वरचा दे.
काही कमी नको."

मी समजावलं.
आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?
फोननं आवाज आधीच सोळावर आणलाय,
कानाला कळणार नाही असं जे वाटलं
ते गाळून टाकलंय.
तीनशेवीस केलं तर भांडं मोठं होईल,
दूध तेवढंच.

"गाळलेलं कुठे जातं?"
कुठेच नाही.
त्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.
"तरी मोठंच दे.
तिकडे एका खोलीत आठ जणी राहतात.
इथे तरी ऐसपैस बसू दे."

दुपारभर संगणक फाइली दळत राहिला.
नावं काढून मी आकडे दिले, शून्य शून्य एकपासून पुढे,
म्हणजे चौकोन दिसणार नाहीत.

एप्रिलमध्ये तोच पेनड्राइव्ह घेऊन बाई आली.
हाताची कातडी मीठ लागल्यासारखी उललेली.
लोकरीच्या दोऱ्यावरून ओळखलं.
"यात गाणी भर," म्हणाली.
आणि हे?
"माझा आवाज असा आहे? डब्यातून बोलल्यासारखा?"
मी आड आणि पोहऱ्याचं पुन्हा सांगणार होते,
पण ती पुढच्या गोष्टीवर गेली होती.

"गाडीत आणखी एक बाई आहे.
किल्ली फिरवली की बोलते. अगदी गोड.
रोज तेच वाक्य. काय म्हणते ती?"

मला माहीत होतं; इथे येणारी निम्मी वाहनं तेच बोलतात.
टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं सांगते.
आपल्याकडे ते कार्डच नाही.

साल्किन हसली नाही. हिशेब केला.
"सहा वर्षं. रोज सांगतेय,
आणि यानं एकदाही घातलं नाही."

मग पेनड्राइव्ह माझ्याकडे सरकवला.
"माझं काही पुसू नकोस.
शेवटच्या फोल्डरमध्ये ठेव.
आणि तो नळ
अजून गळतोय."