पोटाचा रंधा

बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
नळाच्या तोट्या, बिनदांड्याची इस्त्री
आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्यांच्या ढिगात
हा पडला होता, तोंडात माती धरून.
बाई म्हणाली दीडशे. मी म्हणालो ऐंशी.
ती म्हणाली, जळणाला नेतोस का?
मग मी गप्प शंभर काढून दिले.

सिडकोतल्या गॅलरीत पेपर पसरून
पाचर ठोकत बसलो. निघेना.
निघाली तेव्हा मागं कुंभारणीचं घर,
सुकलेलं, पाच खोल्यांचं,
आमच्यापेक्षा दोन जास्त.
पातं रॉकेलमध्ये बुडवलं. बायकोनं डबा
तीनदा जिन्यात नेऊन ठेवला, मी तीनदा परत आणला.
चौथ्या दिवशी गंजाखालून अक्षरं वर आली:
‘रा. गो.’ आणि पुढं छिन्नीचा एक घाव
आडनाव खाऊन बसलेला.

सातपूरला बावीस वर्षं मी ग्राइंडिंगवर आहे.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून
माझी सुपरवायझरशी भांडणं झालीत.
सपाट म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये.
काचेवर ठेवला तर रंधा डुलला.
नाक दाबलं, शेपूट वर.
शेपूट दाबली, नाक वर.
नदीकाठची ओल खाऊन वाकलाय, म्हटलं.
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर काचेला चिकटवला
आणि दोन रात्री त्याला घासला.
पोरांना वळण लावतात,
मी याचं होतं ते काढत होतो.
भुसा पडला चहापत्तीच्या रंगाचा,
त्याला वास मात्र कशाचाच नव्हता.

धारेसाठी गेलो चौक मंडईत, इद्रीस मिस्त्रीकडे.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तो बोटानं बघतो.
तळावरून बोट नेलं, मध्ये थांबला,
मागं आणलं, पुन्हा नेलं.
‘हे कुणी केलं?’
मी छाती काढून म्हणालो, मीच.
‘पोटावर मारलंस रे त्याच्या.’

मग सांगितलं, एका हातानं हवेत गोल काढत:
स्टेशनापासून पंचवटीपर्यंत टांगे पळायचे तेव्हाचा हा.
चाकाचा आतला घेर तासायचा याच्यानं.
सपाट रंधा तिथं शिरतच नाही,
कोपऱ्यावर अडतो, पाव्हण्यासारखा.
म्हणून रा. गो.नं, जो कोण असेल तो,
बाभळीच्या ठोकळ्याला मुद्दाम पोट ठेवलं.
मला सापडलेली चूक
हे त्याचं सगळं काम होतं.

‘भरून काढता येईल का?’ मी विचारलं.
लोखंडाच्या माणसाचा प्रश्न.
मिस्त्री हसलासुद्धा नाही.
निसण्यावर पाणी शिंपडलं, पातं धरलं,
बराच वेळ नुसता आवाज.
‘पोलादाला पाणी चांगलं दिलंय,’ म्हणाला,
अंगठ्याच्या नखावर धार टेकवत.
धारेचे साठ रुपये घेतले.
बाकीचे घेतले नाहीत, आणि तेच मला जड गेले.

आता त्याला जवसाचं तेल पाजलंय.
नवी पाचर मी केली, तीही दुसऱ्या खेपेला बसली.
पोट अजून आहे, दोन बोटं सोडून.
ती दोन बोटं माझी.

टाकळी रोडच्या वखारीतून सागाचा तुकडा आणला,
करवतीनं त्यात कमान कापली, वेडीवाकडी,
आणि कमानीच्या आत रंधा लोटला.
साल निघाली. पातळ, कोवळी,
केसाच्या बटेसारखी वळत पायावर पडली.
पण दर हाताला, बरोबर मध्यावर,
जिथं मी सपाट केलं तिथं,
तो उचकी देतो.
सालीवर तेवढ्या जागी एक चुणी पडते.
दाब बदलून पाहिला, श्वास धरून पाहिला.
उचकी तिथंच.

धाकटा विचारतो, काय बनवतोय?
टांगा नाही, घोडा नाही,
सिडकोत तबेल्याला परवानगी नाही.
त्याला खरं तेच सांगितलं:
चाकाचा सहावा भाग झालाय.